पीटेड सिंगल माल्ट: धुराच्या मागे काय आहे ते ओळखायचं कसं?

रानवाटा

नमस्कार मंडळी. सिंगल माल्टची (म्हणजे एकाच डिस्टिलरीतल्या, फक्त माल्ट केलेल्या बार्लीच्या व्हिस्कीची) गोडी लागून बराच काळ झाला, पण आत्तापर्यंत मी स्कॉटलंडमधल्या स्पेसाइड भागाच्या बाहेर फारसा पडलो नव्हतो. ग्लेनफिडिक, ग्लेनलिव्हेट, बालव्हेनी ह्यांच्यात मला बऱ्यापैकी कळतं, म्हणजे मध कुठे, सफरचंद कुठे, शेरीचं (स्पॅनिश वाइनचं) पिंप असेल तर मनुका कुठे हे बाटलीवरचं न वाचता सांगता येतं. आता एका मित्राबरोबर लाफ्रॉयग 10, लागावुलिन 16 आणि टॅलिस्कर 10 (आकडे वयाची वर्षं) अशा तिन्ही पीटेड, म्हणजे पीट ह्या कुजलेल्या वनस्पतींच्या मातीसारख्या इंधनाच्या धुरावर बार्ली वाळवलेल्या बाटल्या शेजारी शेजारी ठेवून बसलो आणि माझी सगळी विद्या तिथेच संपली. तिन्हींत धूर. नाक लावलं की धूर, घोट घेतला की धूर, गिळल्यावर परत धूर. एकीत तो जरा दवाखान्यासारखा, एकीत मिरीसारखा तिखट, एवढंच सांगता आलं.

आवडली की नाही आवडली हे मला कळतं, तो प्रश्न नाहीये. पण चांगली पीटेड व्हिस्की आणि नुसती धुरकट व्हिस्की ह्यातला फरक जाणकार कशावरून ठरवतात? मित्राचं म्हणणं की पीपीएम हा धुराचा आकडा बघायचा, जितका जास्त तितकी भारी, म्हणून तो आता ब्रुकलॅडी डिस्टिलरीच्या ऑक्टोमोरच्या मागे लागलाय. मला ते पटत नाही पण त्याला उत्तरही देता येत नाही. पाणी घालायचं की नाही, कुठल्या क्रमाने घ्यायच्या, आणि मुख्य म्हणजे नेमकं शोधायचं काय? सविस्तर लिहिलंत तर बरं होईल.

सांजवारा

चांगला प्रश्न आहे, आणि तिन्ही बाटल्या शिकायला उत्तम आहेत, एकाच वासाच्या तीन वेगवेगळ्या तऱ्हा आहेत.

पहिली गोष्ट, घाई करू नकोस. धूर हा ह्या व्हिस्कीतला सगळ्यात मोठ्याने बोलणारा माणूस आहे, तो गप्प बसेपर्यंत बाकीच्यांचं ऐकूच येत नाही. आणि तो गप्प बसतो, कारण आपलं नाक एकच वास सतत यायला लागला की त्याची दखल घेणं कमी करतं. साध्या व्हिस्कीत हा त्रास वाटतो पण पीटेडमध्ये ह्याचाच उपयोग करून घ्यायचा. ग्लासात थोडीशीच ओत, पंधरा-वीस मिली पुष्कळ झाली, तोंडाशी निमुळता होणारा ग्लास हवा (ग्लेनकेर्न असेल तर उत्तम), आणि ओतल्यावर दहा मिनिटं हातच लावू नकोस. मग ग्लास हनुवटीशी धर, नाकाशी नाही, तोंड किंचित उघडं ठेव आणि हळूच वास घे. ग्लास गरागरा फिरवायचा नाही, ती वाइनची सवय आहे, इथे त्याने अल्कोहोलच वर येतं आणि नाक बधिर होतं.

पहिल्या वासात धूर येणारच, येऊ दे. ग्लास खाली ठेव, साधा श्वास घे, परत उचल. असं तीन-चार वेळा केलंस की एका क्षणी धूर मागे सरकतो आणि त्याच्या खालून काहीतरी वर येतं. लाफ्रॉयगमध्ये माझ्या नाकाला तिथे व्हॅनिला लागते, ती बर्बनच्या (अमेरिकन व्हिस्कीच्या) पिंपातून आलेली असते. टॅलिस्करमध्ये पिकलेल्या पेअरसारखा गोडवा आणि खारट हवा. लागावुलिनमध्ये सुकामेवा आणि चामड्यासारखा काहीतरी जड वास. तुला वेगळं लागेल, लागू दे, पण काहीतरी लागलं पाहिजे. धूर मागे गेल्यावर तिथे काहीच नसेल, नुसतं अल्कोहोल आणि ओली पुठ्ठ्याची पेटी असेल, तर ती नुसती धुरकट व्हिस्की. माझ्यासाठी सगळी परीक्षा इथेच होते.

क्रम म्हणशील तर टॅलिस्कर, मग लागावुलिन, मग लाफ्रॉयग. उलटं केलंस तर टॅलिस्कर पाणी वाटेल.

निखारा

सांजवाराशी सहमत. मी पीपीएमबद्दल लिहितो कारण हा घोळ प्रत्येक ठिकाणी दिसतो.

पीपीएम म्हणजे फेनॉल गटातल्या द्रव्यांचं दशलक्षातलं प्रमाण. पण हा आकडा जनरली माल्टचा असतो, म्हणजे धुरी दिलेल्या बार्लीचा, ग्लासातल्या व्हिस्कीचा नाही. बार्ली भिजवून मोड आणतात, मग ती भट्टीत वाळवताना खाली पीट जाळतात, दाणा ओलसर असतो तोवरच धूर त्याला नीट चिकटतो आणि तोही मुख्यतः सालपटाला. पुढे दळणं, गरम पाण्यात कालवणं, आंबवणं, दोनदा ऊर्ध्वपातन, ह्या सगळ्यात त्यातला मोठा हिस्सा गळून जातो, आणि किती गळतो हे प्रत्येक डिस्टिलरीचं वेगळं. मग पिंपात वर्षं जातात तसा धूर आणखी मवाळ होतो. म्हणजे मित्राला जो आकडा दाखवून बाटली विकली जाते तो आकडा बाटलीत नसतोच.

ह्याचं सगळ्यात छान उदाहरण लागावुलिन आणि कल-ईला. दोन्ही स्कॉटलंडच्या आयला बेटावरच्या, दोन्हींचा मालक एक, दोन्हींना माल्ट येतं ते पोर्ट एलनच्या एकाच कारखान्यातून आणि पीपीएमही जवळपास सारखा, साधारण 35 च्या आसपास. आणि तरी चव बघ. कल-ईला हलकी, लिंबाच्या सालीसारखी, धूर स्वच्छ आणि कोरडा. लागावुलिन जाड, तेलकट, गोड, धूर अंगावर येणारा. माल्ट तेच असून एवढा फरक पडतो तो ऊर्ध्वपातनाच्या भट्टीचा (बार्ली वाळवायच्या नव्हे) आकार, ती किती भरायची, किती सावकाश चालवायची आणि पिंपात जाणारा मधला भाग कुठे तोडायचा, म्हणजे कट कुठे घ्यायचा, ह्याने. ऊर्ध्वपातनात फळांसारखे वास आधी येतात आणि फेनॉल उशिरा, त्यामुळे शेवटचा कट जितका उशिरा तितका जड, डांबरी, औषधी धूर जास्त.

लाफ्रॉयगवाले तर दुसऱ्या ऊर्ध्वपातनात पहिला भाग तब्बल 45 मिनिटं बाजूला काढतात, इतरांपेक्षा बराच जास्त वेळ, त्यात सुरुवातीचे गोड फळांचे वास निघून जातात. रानवाटाला तिथे दवाखाना लागला तो उगाच नाही. उलट आर्डबेगचं माल्ट ह्या तिन्हींपेक्षा जास्त धुरकट, साधारण 55 पीपीएम, पण त्यांच्या भट्टीच्या नळीला एक प्युरिफायर लावलेला आहे जो जड वाफ परत भट्टीत पाठवतो, म्हणून इतका धूर असूनही मागे लिंबू आणि गोडवा टिकतो.

ऑक्टोमोरबद्दल: ब्रुकलॅडीने 300 च्या वर पीपीएमचं माल्ट वापरूनही बाटली काढलेली आहे. पण म्हणून ती लाफ्रॉयगच्या सातपट धुरकट लागते असं अजिबात नाही. ऑक्टोमोर चांगली असते ती तिच्या स्पिरिटमुळे, त्यांचं स्पिरिट मुळातच फुलांचं, नाजूक आहे आणि एवढ्या धुरातही ते हरवत नाही, कमाल आहे ती ही. मित्राला घेऊ दे, पण ह्या कारणासाठी घेऊ दे.

चांदणठिपका

+1. निखारा, हे पीपीएमचं कुणीतरी एकदा नीट लिहायला हवंच होतं.

टिपकागद

पाण्याचा मुद्दा राहिला. घालावं, नक्की घालावं, आणि पीटेडमध्ये तर इतर कुठल्याही व्हिस्कीपेक्षा जास्त फरक पडतो.

स्वीडनमधल्या लिनियस विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी 2017 मध्ये ह्याच विषयावर कॉम्प्युटर सिम्युलेशन करून पेपर प्रसिद्ध केला होता. त्यांनी घेतलेला रेणू होता ग्वायाकॉल, म्हणजे धुराच्या वासातला एक महत्त्वाचा घटक. निष्कर्ष असा की अल्कोहोल 45 टक्क्यांपर्यंत असेल तर ग्वायाकॉल पृष्ठभागाकडे राहतो, जिथून तो नाकापर्यंत पोचतो, आणि 59 टक्क्यांच्या वर गेलं की अल्कोहोलचे रेणू त्याला वेढतात आणि तो आत द्रवात ओढला जातो. म्हणजे कास्क स्ट्रेंग्थ (पिंपातून काढल्यावर पाणी न घालता भरलेली) बाटली पाण्याशिवाय प्यायली तर जिभेला चटका जास्त आणि वास कमी. ब्लेंडर लोक (वेगवेगळ्या पिंपांच्या व्हिस्की मिसळणारे) तर वास घेताना व्हिस्की 20 टक्क्यांच्या आसपास आणतात.

पण ओतायचं ते थेंबांनी. ड्रॉपर नसेल तर चमच्याच्या टोकाने. पाणी पडलं की ग्लासात उजेडाकडे धरून बघ, काचेसारख्या लाटा वळवळताना दिसतात, दोन वेगळ्या दाटपणाचे द्रव एकमेकांत मिसळतात म्हणून. त्या विरल्या की मग नाक लाव. दरवेळी दोन-तीन थेंब, मग थांब, मग वास. कुठल्यातरी थेंबाला व्हिस्की एकदम उघडते आणि त्याच्यापुढे गेलास की ती सपाट होते. ती जागा प्रत्येक बाटलीची वेगळी असते, ती शोधण्यातच मजा आहे.

उंबरठा

टिपकागद, तत्त्वतः बरोबर पण 40 टक्क्यांच्या बाटलीत पाणी घालू नये असं माझं ठाम मत आहे. लाफ्रॉयग 10 बऱ्याच ठिकाणी 40 ला येते (काही देशांत 43). तिच्यात आधीच डिस्टिलरीने पाणी घालून ती कायद्याच्या किमान मर्यादेवर आणून ठेवलेली असते, अजून घातलंत तर धूर पुढे येतो पण अंग जातं, तोंडात पातळ लागते. पेपर वासाबद्दल बोलतो, तोंडात ती कशी बसते त्याबद्दल नाही. आणि अंग हा माझ्या मते निम्मा निकाल आहे. घोट लगेच गिळू नका, जिभेवर पसरू द्या, तेलकट वाटते का, जिभेच्या कडांना चिकटते का बघा.

टॅलिस्कर 45.8 ला येते, आर्डबेग 10 येते 46 ला आणि चिल फिल्टर (थंड करून गाळणं) न करता. तिथे जरूर घाला. चिल फिल्टर न केलेली असली की पाणी पडल्यावर जराशी गढूळ होऊ शकते, ते चांगलं लक्षण समजा, तेलं शिल्लक आहेत.

टिपकागद

@उंबरठा, 40 वालीत एक-दोन थेंबांनी अंग जात नाही, पण मुद्दा मान्य, तिथे मोकळीक कमी आहे. मी म्हणेन आधी नुसती, अर्धा ग्लास संपवून मग थेंब, म्हणजे दोन्ही कळतं.

जुनी_वही

उशिरा आलो, बरंच लिहून झालंय. मी चांगली-वाईट कशी ठरवतो तेवढं लिहितो, कारण मूळ प्रश्न तोच होता.

रंगाकडे बघू नये. स्कॉचमध्ये कॅरमल रंग घालायला कायद्याने परवानगी आहे, त्यामुळे गडद म्हणजे जुनी किंवा शेरीची असं काही नाही. वयाकडेही पीटेडमध्ये जरा वेगळ्या नजरेने बघावं. लेबलवरचं वय हे त्यातल्या सगळ्यात तरुण व्हिस्कीचं असतं, आणि वय वाढतं तसा धूर कमी होत जातो, त्यामुळे तरुण पीटेड व्हिस्की कच्ची असेलच असं नाही, बऱ्याचदा ती जास्त जिवंत असते. किलहोमन बघा, 2005 साली सुरू झालेली डिस्टिलरी, अगदी कोवळ्या वयाच्या बाटल्यांवर नाव कमावलं.

मग बघायचं काय, तर धूर आणि व्हिस्की एक झालेत का. हे सांगायला कठीण आणि ओळखायला सोपं आहे. चांगल्या बाटलीत धूर चवीच्या आत असतो, म्हणजे फळ लागतं ते धुरातलं फळ, गोडवा लागतो तो धुरातला गोडवा. कमी प्रतीच्या बाटलीत आधी एक गोड साधी व्हिस्की लागते आणि तिच्यावर वेगळा धूर तरंगतो, दोघांची गाठ पडत नाही. शेरीच्या पिंपाने हे बिघडण्याची शक्यता जास्त, कारण शेरीही जोरकस आणि धूरही जोरकस, जमलं तर अप्रतिम नाहीतर रबर आणि जळलेल्या काडेपेटीचा वास, जो गंधकाचा असतो. तो धूर नाही, तो दोष आहे, नव्या माणसाचा तिथे नेहमी गोंधळ होतो. धूर गिळल्यावर गरम आणि गोड राहतो, गंधक घशात कडू आणि सडका होत जातो.

दुसरं म्हणजे शेवट. गिळल्यावर तोंड बंद ठेवून नाकाने श्वास सोडा, निम्मी चव तिथे कळते. आणि मग काही न खाता-पिता बसा. धूर बराच वेळ राहणं ही मोठी गोष्ट नाही, फेनॉल चिकटच असतात, कुठलीही पीटेड व्हिस्की राहतेच. तो राहताना बदलतो का ते बघा. लागावुलिनचा शेवट माझ्या मते सगळ्यात सुंदर आहे कारण आधी विझलेल्या शेकोटीची राख, मग गोड, मग परत कोरडा, मग मिठासारखं काहीतरी, असं तो वळत जातो. नुसती राख शेवटपर्यंत राहत असेल आणि जीभ कोरडी कडू पडत असेल तर मी मार्क कापतो, मग पहिला वास कितीही भारी असो.

आणि रिकामा ग्लास धुऊ नका, रात्रभर तसाच ठेवा. सकाळी अल्कोहोल उडून गेलेलं असतं आणि तळाला जे उरतं त्यात पीट नेमका कुठला आहे ते कळतं. आयलाच्या पीटमध्ये तो डांबर-आयोडिनकडे झुकलेला असतो, स्कॉटलंडच्या उत्तरेकडल्या ऑर्कनी बेटांवरच्या हायलंड पार्क डिस्टिलरीत हेदरच्या झुडपांचा पीट असल्याने फुलासारखा गोडसर, दोन्ही ठिकाणी झाडं फारशी नाहीत पण पीटमध्ये साठलेल्या वनस्पती वेगळ्या. हा पीट साधारण वर्षाला एक मिलिमीटर ह्या वेगाने साठतो, म्हणजे ग्लासात जे येतं ते हजारो वर्षांपूर्वीच्या झुडपांचं येतं. मला दरवेळी ह्याचं अप्रूप वाटतं.

रानवाटा

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं.

काल परत बसलो, ह्या वेळी एकटा, टॅलिस्कर आणि लागावुलिन दोनच. सांजवारा म्हणाले तसं ओतून ठेवून दिलं. टॅलिस्करमध्ये धूर खरंच मागे गेला आणि आधी खारट, मग पेअर नाही पण जर्दाळूसारखं काहीतरी आलं, आणि मिरी मात्र नाकात अजिबात नव्हती, ती फक्त गिळल्यावर घशाच्या मागे आली. हे मला मागच्या वेळी कळलंच नव्हतं, मी सगळ्यालाच तिखट धूर म्हणत होतो. चार थेंब पाण्यानंतर जर्दाळू वाढलं आणि मिरी थोडी मऊ झाली.

लागावुलिनला जास्त वेळ लागला. वासात काळा चहा, कोरा, जरा जास्त उकळलेला. आणि शेवटाला जुनी_वही म्हणतात तो वळणारा प्रकार लागला, राख आणि गोड दोनदा आलटून पालटून. मीठ नाही लागलं.

आता दोन प्रश्न. एक, मी चहा म्हणतोय तिथे सगळे चामडं म्हणतात, तर माझं चुकतंय का? आणि दोन, ह्या दोघींत मला लागावुलिन वरची वाटली, पण ते 16 आकडा बघून वाटलं की खरंच, हे कसं कळणार?

सांजवारा

चहा अगदी बरोबर आहे, लॅपसांग सूचाँग नावाचा चिनी चहा पाइनच्या लाकडाच्या धुरावर वाळवतात आणि लागावुलिनबद्दल बोलताना बरेच जण नेमकं तेच नाव घेतात. तू धुराचा चहा न पिता तिथपर्यंत पोचलास. दुसऱ्याचे शब्द उसने घेऊ नकोस, तुझ्या नाकाला जे आठवतं तेच लिही आणि दरवेळी तोच शब्द वापर, म्हणजे पुढच्या बाटलीशी तुलना करता येते. चामडं तुला कधी लागलं नाही तरी काही बिघडत नाही.

निखारा

दुसऱ्या प्रश्नाला एकच उपाय, बाटली दिसता कामा नये. दुसऱ्या कुणालातरी ओतायला सांग, ग्लासांच्या तळाला चिठ्ठ्या लाव, आणि त्यात एक ग्लास कल-ईला 12 चा घाल. ती 43 ला येते आणि लागावुलिनही 43 ला, त्यामुळे अल्कोहोलचा फरक मध्ये येत नाही, माल्टही तेच, म्हणजे उरतो तो फक्त भट्टीचा, पिंपाचा आणि वयाचा फरक. त्याच्या जोडीला एक नॉन-पीटेड आयला ठेवता आली तर अजून छान, बुनाहावन 12 चालेल, म्हणजे खारटपणा धुराबरोबर येतो की वेगळा लागतो तेही तपासून होईल. मित्रालाही बसव.

आणि लाफ्रॉयगला सोडू नकोस. ती शेवटी, वेगळ्या संध्याकाळी, एकटी घे. बाटली अर्धी व्हायच्या आत घे, कारण रिकामी जागा वाढली की आत हवा वाढते आणि सगळ्यात आधी धूरच उतरायला लागतो. बाटली उभीच ठेव, आडवी ठेवलीस तर बूच खराब होतं.

रानवाटा

कल-ईला 12 आणायची ठरली. मित्र तयार आहे, चिठ्ठ्या लावायचं काम त्याची बायको करणार आहे, तिला पीटेड अजिबात आवडत नाही त्यामुळे मधेच चाखून बघायचा प्रश्न नाही. झालं की तिघींच्या नोंदी इथेच टाकतो.